सयाजीराव नावाचा घोडा

भारत स्वतंत्र होऊन जेमतेम महिना झाला होता. सप्टेंबर १९४७ मध्ये इंग्लंडमधील डॉनकॅस्टरच्या मैदानावर सेंट लेजर ही शर्यत झाली आणि विजेता म्हणून नाव जाहीर झाले : सयाजीराव. मालक, बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. ही शर्यत प्रथम धावली गेली १७७६ मध्ये, म्हणजे आपल्याकडे पुरंदरचा तह झाला त्या वर्षी. तिच्या विजेत्यांच्या यादीत एक अस्सल मराठी नाव कायमचे जाऊन बसले. आजचा धागा या घोड्याचा आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रारंभीच एक खुलासा. या कथेत दोन सयाजीराव आहेत. एक बडोद्याचे महाराज सयाजीराव तिसरे, ज्यांना आपण पाठ्यपुस्तकापासून ओळखतो. दुसरा त्यांच्या नातवाने विकत घेतलेला घोडा. राजांना येथे ‘महाराज सयाजीराव’ म्हटले आहे. नुसते ‘सयाजीराव’ आले की तो घोडा समजावा.

थरोब्रेड ही माणसाने हिशेबाने घडवलेली जात आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पूर्वेकडून इंग्लंडमध्ये आणलेल्या तीन घोड्यांपर्यंत, म्हणजे बायर्ली टर्क, डार्ले अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन यांच्यापर्यंत, जगातील प्रत्येक थरोब्रेडची पितृवंशावळ मागे नेता येते. आपल्याकडे घराण्यांच्या वंशावळी भाट राखीत, इंग्रजांनी घोड्यांच्या राखल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून त्या छापूनही ठेवल्या. या नोंदवहीत ज्याचे आईबाप नाहीत तो घोडा वाऱ्यासारखा धावला तरी थरोब्रेड नव्हे.

सयाजीरावाचे आईबाप या वहीतले मातब्बर. बाप नियार्को. इटलीत फेदेरिको तेसिओ नावाच्या विक्षिप्त आणि अलौकिक पैदासकाराच्या तबेल्यात १९३५ साली तो जन्मला आणि १४ शर्यती धावून १४ जिंकला. १९३८ मध्ये मार्टिन बेन्सन या इंग्रज बुकमेकरने त्याला ६०,००० पौंडांना विकत घेतले. महायुद्धात जर्मन विमानांचे हल्ले सुरू झाले तेव्हा न्यूमार्केटमध्ये या एका घोड्यासाठी जमिनीत बॉम्बपासून बचावाचा स्वतंत्र खंदक बांधण्यात आला होता. आई रोझी लेजेंड. या जोडीचे आधीचे अपत्य दान्ते. १९४५ ची डर्बी दान्तेने जिंकली. युद्धामुळे ती एप्समऐवजी न्यूमार्केटला भरली होती.

आता विक्रीचा प्रसंग समजेल. १९४५ मध्ये दान्तेचा सख्खा धाकटा भाऊ, एक वर्षाचे शिंगरू, लिलावात उभे राहिले. त्याने एकही शर्यत धावलेली नव्हती; पाठीवर कोणी जॉकी बसलेला नव्हता. बोली चढत गेली आणि २८,००० गिनींवर हातोडा पडला. एक वर्षाच्या शिंगरासाठी ब्रिटनमध्ये तोवर इतकी किंमत कोणी दिली नव्हती. ही किंमत त्या शिंगराची नव्हतीच, ती भावाच्या कीर्तीची होती. सख्ख्या भावंडांत रक्त सरासरीने निम्मेच सारखे उतरते, हे त्या मंडपातील प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक होते. तरीही बोली लागल्या. घोड्यांचा बाजार आशेवर चालतो.

एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणजेच १.०५ पौंड. तेव्हा २८,००० गिनी म्हणजे २९,४०० पौंड. त्या वेळच्या दराने, एका रुपयास दीड शिलिंग धरून, ३ लाख ९२ हजार रुपये.

हा आकडा हवेत राहू नये म्हणून बडोद्याच्याच इतिहासातील दुसरा एक आकडा शेजारी ठेवतो. १९१३ मध्ये महाराज सयाजीरावांच्या योजनेतून एका तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली : दरमहा साडेअकरा पौंड. तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. ३६ महिन्यांचे ४१४ पौंड होतात. २९,४०० ला ४१४ ने भागा, उत्तर येते ७१. १९१३ चा पौंड आणि १९४५ चा पौंड एकसारखे नव्हते. युद्धकाळातील महागाईने पौंडाची किंमत उतरली होती, म्हणून हा हिशेब काटेकोर अर्थशास्त्र नव्हे. पण आजोबांच्या एका शिष्यवृत्तीच्या मापाने नातवाचा एक घोडा मोजला तर ७१ भरतो, एवढे त्यातून निश्चित दिसते. आणि त्या घोड्याला नाव दिले गेले आजोबांचे.

हे आजोबा कोण, ते थोडक्यात. १८६३ मध्ये नाशिककडील कवळाणे गावात जन्मलेला गोपाळ हा शेतकरी घरातला मुलगा १८७५ मध्ये दत्तक घेऊन बडोद्याच्या गादीवर बसवला गेला. १९०६ मध्ये त्याने संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९३९ मध्ये महाराज सयाजीराव वारले तेव्हा थोरला मुलगा हयात नव्हता, म्हणून गादी नातवाकडे, प्रतापसिंहरावांकडे आली.

आमच्या भागातील वाचकांसाठी एक टीप. गायकवाडांचे घराणे आपल्याच परिसरातले आहे. काळेवाडीतून निघून नाशिक रस्त्याने भोसरी, मोशी, चाकण ओलांडून राजगुरुनगरकडे गेले की खेड तालुक्यात दावडी लागते. तेथील गायकवाड खंडेराव दाभाड्यांच्या सेनेतून गुजरातेत उतरले आणि पिलाजीरावांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे घराण्याचा पाया घातला. तो पाया घोड्याच्या पाठीवर घातला गेला होता. भीमथडीची तट्टे ठेंगणी, दिसायला साधी, पण दिवसचे दिवस चालणारी, मिळेल त्या चाऱ्यावर निभावणारी. चाकणच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या कंटेनरांच्या रांगेत अडकून पडल्यावर माझ्या मनात नेहमी हा विचार येतो की याच मुलखातून निघालेल्या शिलेदारांच्या वंशजाने अडीचशे वर्षांच्या आत एका इंग्रजी शिंगरावर विक्रमी बोली लावली. गंमत अशी की ते शिंगरूही पुढे वेगापेक्षा दमासाठीच नावाजले गेले.

प्रतापसिंहरावांनी हा छंद अर्धवट केला नाही. ट्रेनर सॅम आर्मस्ट्राँग यांना यॉर्कशायरहून न्यूमार्केटला आणले आणि त्यांच्यासाठी वॉरन प्लेस नावाचा तबेला विकत घेतला. जॉकी नेमला एडगर ब्रिट. हा ऑस्ट्रेलियन जॉकी आधीची कित्येक वर्षे भारतातील संस्थानिकांसाठी घोडे धाववीत होता. म्हणजे मालक बडोद्याचा, जॉकी सिडनीहून भारतमार्गे आलेला, घोड्याचा बाप इटालियन आणि शर्यत इंग्रजांची.

इंग्लंडमध्ये घोड्याची खरी परीक्षा तिसऱ्या वर्षी होते. वर्षभरात चढत्या अंतराच्या तीन मोठ्या शर्यती असतात : न्यूमार्केटची टू थाउजंड गिनीज सुमारे १६०० मीटर, एप्समची डर्बी सुमारे २४०० मीटर, डॉनकॅस्टरची सेंट लेजर सुमारे २९०० मीटर. १९४७ मध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होते, ट्यूडर मिन्स्ट्रेल. गिनीजमध्ये तो आठ घोड्यांच्या लांबीइतके अंतर राखून जिंकला. सयाजीराव तिसरा आला. एवढे मोल मोजून घेतलेला घोडा इतक्या अंतराने हरतो तेव्हा तबेल्यात काय वातावरण असेल, याची कल्पना करावी.

मे महिन्यात लिंगफील्डची डर्बी-चाचणी त्याने जिंकली. डर्बी होती ७ जून १९४७, शनिवारी. तारीख जरा थांबून वाचावी. चारच दिवस आधी, ३ जूनला, माउंटबॅटन यांनी फाळणीची योजना जाहीर केली होती. बडोदे संविधान सभेत सामील होण्यास सर्वांत आधी तयार झालेल्या संस्थानांपैकी एक, दिवाण बी. एल. मित्तर यांनी ते पाऊल फेब्रुवारीतच टाकले होते. दिल्लीत संस्थानांचे भवितव्य ठरत होते आणि एप्समच्या हिरवळीवर बडोद्याच्या रंगांतील घोडा रांगेत उभा होता.

डर्बीत ट्यूडर मिन्स्ट्रेल, ज्याच्यावर सारे इंग्लंड पैसे लावून बसले होते, चौथा आला. अंतराने त्याला मारले. ४० ला १ या भावाचा पर्ल डायव्हर जिंकला, आगाखानांचा मिगोली दुसरा आणि सयाजीराव पुन्हा तिसरा. माझ्या मते या घोड्याच्या कारकिर्दीतील सर्वांत बोलका निकाल हाच आहे. गिनीजमध्ये जो त्याच्या कितीतरी पुढे होता, तो आठशे मीटर वाढताच त्याच्या मागे पडला. सयाजीराव झेप घेणारा घोडा नव्हता. उरणारा घोडा होता.

त्याच उन्हाळ्यात आयर्लंडच्या करा मैदानावर तो आयरिश डर्बी जिंकला. येथे एक योगायोग नोंदवतो, कारण तो फार कोणाच्या लक्षात येत नाही. १९४७ ची आयरिश डर्बी जिंकली सयाजीरावाने, १९४८ ची नथ्थूने, १९४९ ची हिंदोस्तानने. पुढचे दोन्ही घोडे आगाखानांचे. ब्रिटिश सत्ता भारतातून उठली त्या वर्षापासून लागोपाठ तीन वर्षे, स्वतः ब्रिटिशांच्या तावडीतून सुटलेल्या आयर्लंडच्या डर्बीवर हिंदुस्थानी नावे कोरली गेली.

मग सप्टेंबर आणि सेंट लेजर. फ्रान्सच्या मार्सेल बुसाक यांचा आर्बार शेवटच्या टप्प्यात सयाजीरावाच्या अंगाला अंग लावून धावत होता. हा आर्बार ऐरागैरा नव्हे; पुढच्याच वर्षी अॅस्कॉटचा गोल्ड कप त्याने जिंकला. २९०० मीटर धावून निकाल लागला तो एका डोक्याच्या अंतराने. ब्रिटने सयाजीराव पुढे ठेवला. डर्बीत पुढे गेलेला मिगोली या वेळी मागे राहिला. ब्रिटने इंग्लंडमध्ये जिंकलेल्या सात क्लासिक शर्यतींपैकी ही पहिली.

१९४८ मध्ये सयाजीरावाने रॉयल अॅस्कॉटला हार्डविक स्टेक्स जिंकली. त्याच वर्षी बडोद्याचाच माय बाबू टू थाउजंड गिनीज जिंकला. माय बाबूची कथा निराळी, वेगाची आणि अमेरिकेची. त्याच्या एका मुलीचे नाव केरळ होते, आणि तिचा मुलगा डमॅस्कस १९६७ मध्ये अमेरिकेचा सर्वश्रेष्ठ घोडा ठरला. ते पुन्हा कधीतरी.

मैदानावर असे यशाचे दिवस चालू असताना बडोद्यात मात्र निराळाच हिशेब मांडला जात होता. १९४८ मध्ये तेथे डॉ. जीवराज मेहतांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. महाराजांनी संस्थानच्या निधीतून उचललेल्या मोठ्या रकमांचा प्रश्न पुढे आला. संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी विलीनीकरणाच्या इतिहासावरील आपल्या पुस्तकात हे प्रकरण नोंदवले आहे. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी, हे मान्य करायलाच हवे, प्रतापसिंहरावांनी आजोबांच्या इच्छेनुसार आणि त्यांच्या नावाने बडोद्यात विद्यापीठ स्थापन केले. ते आजही उभे आहे. आजोबांचे नाव त्यांनी घोड्यालाही दिले आणि विद्यापीठालाही. १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची मान्यता काढून घेतली आणि गादी मुलाकडे, फत्तेसिंहरावांकडे गेली. १९६८ मध्ये ते लंडनमध्ये वारले.

प्रतापसिंहरावांना सरळ उधळ्या राजा ठरवून मोकळे होणे सोपे आहे, आणि पुष्कळ लेखनात तसे केलेही जाते. मला ते अपुरे वाटते. संस्थानिकांच्या हाती खरी सत्ता फारशी नव्हती. परराष्ट्र धोरण नाही, युद्ध नाही, तह नाही. इंग्रजांशी बरोबरीच्या नात्याने उभे राहता येईल अशी जी थोडी मैदाने उरली होती त्यांत रेसकोर्स होते. राजपिपळ्याच्या महाराजांनी १९३४ मध्ये विंडसर लॅडवर डर्बी जिंकली, तेव्हाही या ईर्ष्येचाच विजय झाला होता. मात्र ईर्ष्या समजून घेतली म्हणून ७१ हा आकडा पुसला जात नाही. बडोद्याच्या सामान्य रयतेला त्या डोक्याच्या अंतराने काय मिळाले, याचे उत्तर ‘काही नाही’ असेच आहे.

घोड्याला अर्थातच यातले काही कळत नव्हते. शर्यती संपल्यावर त्याची रवानगी आयर्लंडला पैदाशीसाठी झाली. यशस्वी घोड्याचा खरा पैसा येथे असतो. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही. घोडी प्रत्यक्ष आणावी लागते आणि प्रत्येक घोडीमागे नराच्या मालकाला फी मिळते. गर्भ अकरा महिन्यांचा. उत्तर गोलार्धातील प्रत्येक थरोब्रेड, तो कोणत्याही महिन्यात जन्मो, १ जानेवारीला एक वर्षाने मोठा होतो. म्हणून शिंगरे वर्षाच्या आरंभीच जन्मावीत अशी सारी धडपड.

हे भाग्य फार थोड्या घोड्यांच्या वाट्याला येते. उरलेल्यांचे काय होते, याचे एक उत्तर पुण्यातच सापडते. १९४६ मध्ये हडपसरला पूनावाला घराण्याचा स्टड फार्म उभा राहिला. तेथील निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. त्यांच्या रक्तातील द्रवापासून धनुर्वातावरची प्रतिविषे तयार होत. हे आपल्यालाच का करता येऊ नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट निघाली. सयाजीराव मेला तोही १९६६ मध्येच. एकाच जातीचे घोडे : एकाचे रक्त पुढच्या शर्यतींसाठी जपले गेले, दुसऱ्यांचे औषधासाठी काढले गेले. कोणते अधिक उपयोगी ठरले, ते वाचकांनी ठरवावे.

सयाजीरावाच्या मुलामुलींनी बापाचा दम घेतला. ग्लॅडनेस ही घोडी १९५८ मध्ये अॅस्कॉट गोल्ड कप, गुडवुड कप आणि पाठीवर जड वजन घेऊन एबॉर हँडिकॅप जिंकली. एकाच हंगामात, आणि तीनही लांब पल्ल्याच्या शर्यती. व्हिन्सेंट ओब्रायन यांच्यासारख्या महान ट्रेनरच्या हाताखालून गेलेल्या घोड्यांतही तिचे नाव आदराने घेतले जाते. तिची मुलगी मेरी मेट पुढे आयरिश ओक्स जिंकली. लिंक्रिस या दुसऱ्या मुलीने १९६० मध्ये आयरिश ओक्स, यॉर्कशायर ओक्स आणि आयरिश सेंट लेजर अशा तीन शर्यती मारल्या. आय से हा मुलगा १९६५ च्या डर्बीत बापासारखाच तिसरा आला.

आणि इंडियाना. १९६४ च्या डर्बीत तो दुसरा आला, मग सेंट लेजर जिंकला. बाप १९४७, मुलगा १९६४. शर्यत तीच, मैदान तेच, आणि अंतरही तेच, एक डोके.

तोवर बाजाराची हवा मात्र बदलली होती. लहान पल्ल्याचा वेग विकला जाऊ लागला. दोन वर्षांच्या वयातच बक्षीस आणून देणारे घोडे हवेसे झाले. नियार्कोच्या मुलांपैकी नसरुल्ला, रॉयल चार्जर आणि नियार्क्टिक यांचे वंश जगभर पसरले. आज पुणे-मुंबईत धावणाऱ्या घोड्यांच्या वंशावळीतही नियार्को सापडतो. सयाजीराव त्याच बापाचा, पण सावकाश पिकणारा, लांब धावणारा. असल्या घोड्यांना पश्चिमेत गिऱ्हाईक उरले नाही. जपानमध्ये मात्र होते, कारण तेथे लांब पल्ल्याच्या शर्यतींना अजून मान होता. इंडियाना जपानला गेला.

तेथे १९७० साली त्याला एक मुलगा झाला, ताकेहोप. १९७३ मध्ये जपान एका घोड्यासाठी वेडा झाला होता : हायसेको. छोट्या प्रादेशिक मैदानावरून वर आलेला, सामान्य माणसाला आपला वाटणारा. जपानी डर्बीत सारा देश त्याच्यामागे उभा होता. जिंकला ताकेहोप, हायसेको तिसरा आला. लोकांना तो अपघात वाटला. शरद ऋतूत किकुका शो आली, ३००० मीटरची, जपानची सेंट लेजर समजली जाणारी शर्यत. शेवटच्या क्षणापर्यंत हायसेको पुढे होता. ताकेहोपने त्याला नाकाच्या अंतराने गाठले. पुढच्या वसंतात ३२०० मीटरच्या तेन्नो शो शर्यतीतही ताकेहोपच जिंकला.

वॉरन प्लेस १९५२ मध्ये नोएल मरलेस यांच्याकडे गेले आणि पुढे हेन्री सेसिल यांच्याकडे. फ्रँकेल हा आपल्या काळातील अजिंक्य घोडा तेथेच घडला. आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यात न्यूब्रिजजवळ एक स्टड फार्म आजही चालू आहे. त्याच्या फाटकावरचे नाव बडोदा स्टड.